खानदेशात मासळीचं जेवण: शहरातल्या जुन्या खानावळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार. यातल्या कुठल्याही शहरात एखादी तरी जुनी मच्छीची खानावळ सापडतेच. बाकं साधी, पाटी खडूने लिहिलेली, दुपारी दीडनंतर जागा मिळणं मुश्कील. तिथे पहिल्यांदा जाणारे आणि वर्षानुवर्षं जाऊनही फक्त 'एक सुरमई थाळी' एवढंच सांगणारे, अशा दोघांसाठी हे प्रश्न.

समुद्र इतक्या लांब, मग इथे समुद्राची मासळी खावी का?

खावी. फक्त कुठली आणि केव्हा, ते बघून. नंदुरबारहून सुरत रेल्वेने दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आहे, जळगावहून तीनशेच्या आसपास. मुंबई धुळ्याहून सव्वातीनशे, जळगावहून चारशेच्या वर. संध्याकाळी भरलेली पेटी रात्रभर प्रवास करून सकाळी उतरते. म्हणजे वाटेत जाते ती एक रात्र. मोठ्या ट्रॉलरवर मात्र मासा बंदराला लागायच्या आधीच कित्येक दिवस बर्फात असतो. त्यामुळे 'कालच आली' याचा अर्थ काल गाडी आली एवढाच. मासा काल पकडला, असा नाही.

खरा फरक पडतो बर्फाने. किलोभर मासळीला किलोभर बर्फ हा साधा हिशोब. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसवर असतो तेव्हा तोही कमी पडतो. पेटीत बर्फाचा थर, माशाचा थर, पुन्हा बर्फाचा थर, आणि बुडाला भोक. ते भोक बुजलं की वितळलेलं पाणी आत साठतं, मासा त्यात भिजत पडतो, आणि कुजला नसला तरी पांचट होतो. अशा सुरमईला कितीही मसाला लावा, ती कापसासारखीच लागते.

जाड, घट्ट मांसाचे मासे हा प्रवास चांगला सोसतात: सुरमई, हलवा, रावस, पापलेट, मोठी कोळंबी. बांगडा तेलकट, त्यामुळे लवकर बिघडतो. ओला बोंबील तर जवळजवळ पाणीच. तो इथवर धडपणे पोचणं अवघड, त्यामुळे पाटीवर 'बोंबील फ्राय' दिसला तर आधी चौकशी करा.

किती वाजता जावं?

सव्वाबारा ते एक. तोवर रस्सा लागलेला असतो, तेल ताजं असतं आणि पाटीवरचं सगळं शिल्लक असतं. दोननंतर उरतात शेपटीच्या तुकड्या. रविवारी गर्दी एवढी असते की तवा थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि तळणाऱ्याला नीट तळायला. बुधवार किंवा शुक्रवार सगळ्यात बरा: माल ताजा, गिऱ्हाईक बेताचं. सोमवारी बऱ्याच लोकांचा वार असतो, म्हणून कमी माल मागवतात किंवा रविवारचा उरलेला काढतात. सोमवारी गेलातच तर नदीचा मासा मागवा.

बसल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

'काय चांगलं आहे?' असं विचारलं की वाढपी जे संपवायचं आहे तेच सांगणार. त्याऐवजी गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, 'भाऊ, आज काय काय शे? सकाळनी गाडीनं काय उनं?' (आज काय काय आहे, सकाळच्या गाडीने काय आलं?) अहिराणीत विचारलंत तर उत्तर जरा खरं मिळतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मग दुसरा प्रश्न: 'धरणाचं काय आलंय?' ही दोन उत्तरं वेगवेगळी मिळाली पाहिजेत. पाटीवर अकरा प्रकार आहेत आणि अकराही आज आहेत असं उत्तर आलं, तर निम्मे फ्रीझरमधले समजा. जुनी खानावळ ओळखायची ती 'आज नाही' म्हणण्यावरून. पाटीवरच्या दोन-तीन नावांवर ओलं बोट फिरवलेलं दिसलं की निर्धास्त बसा.

कच्चा मासा बघायला मागितला तर मालकाला राग येईल?

चांगल्या ठिकाणी येत नाही. तिथे ताट किंवा ट्रे आणून दाखवायची पद्धतच असते. बघायचं काय, तर:

अख्खा मासा असेल तर डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. आत गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे जुना माल. कल्ला उचलून बघा. लाल किंवा गडद गुलाबी ठीक, तपकिरी आणि चिकट असेल तर नको. पोटाजवळ बोट दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. तुकड्या कापून ठेवल्या असतील तर मधल्या काट्याभोवतीचं मांस बघा. ते काट्यापासून सुटायला लागलं असेल किंवा तिथे तपकिरी कडं आलं असेल तर दिवस झालेत. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा लोंबतं असेल तर 'मसाला लावून देतो' याला भुलू नका. आणि वास. ताज्या समुद्री माशाला समुद्राचाच वास येतो. नाकात चढणारा, अमोनियासारखा वास आला की उठा.

'गोड्या पाण्याचं पापलेट' म्हणून देतात ते काय?

ते रूपचंद. तळ्यात वाढवलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा, पिरान्हाच्या गोतातला. खाण्यात वाईट काही नाही, पण ते पापलेट नव्हे आणि पापलेटच्या भावाने देणं ही लबाडी. अख्खा आला तर जबडा उघडून बघा. रूपचंदला माणसाच्या दाढांसारखे दात असतात, पापलेटचं तोंड इवलंसं. रूपचंदच्या पोटाकडे लालसर झाक असते आणि पाठीवर शेपटीजवळ एक छोटा, मांसल जादाचा पर असतो. तळून आल्यावर ओळखायचं तर मांसात बारीक, फाटे फुटलेले काटे लागतात. पापलेटला मधला काटा आणि कडेचे काटे, बस.

खरं पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी पकडायचा कमीत कमी आकारही ठरवून दिला, कारण पिल्लंच उचलली जात होती. तळहाताहून लहान पापलेट ताटात आलं तर खाण्यासारखं त्यात फारसं नसतंच. दोन लहानांपेक्षा एक मध्यम मागवा.

'बोनलेस फिश' मागवावं का?

पोरांचा हट्ट असेल तर मागवा, पण नव्वद टक्के वेळा तो बासा असतो, गोठवून आलेला. पांढराशुभ्र, ओलसर, चवीला सपाट. 'सुरमई बोनलेस' म्हणून आला तर एक तुकडा मोडून बघा. सुरमईचं मांस कोरडसर असतं आणि जाड पाकळ्यांत सुटतं, बासा मऊ लगदा होतो. काटा नको असेल तर मरळ किंवा शिंगाडा (हे नदीचे मासे) सांगा.

जून-जुलैमध्ये सुरमई कुठून येते?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा दोन्हीकडे बंद, आणि त्यानंतर जो माल येतो तो पूर्वेकडचा, नाहीतर शीतगृहातला. गोठवलेली सुरमई नीट ठेवली असेल तर रश्शात चालून जाते. तव्यावर मात्र ती पाणी सोडते आणि आवरण सुटून येतं. या दोन महिन्यांत समुद्राच्या मासळीला हजारो रुपये घालण्यात अर्थ नाही. पाटीवर सुकट-कांदा असेल तर तो घ्या.

मग तापी-गिरणेची मासळी?

खानदेशातल्या खानावळीची खरी ताकद तिथेच आहे, आणि बाहेरचे लोक नेमकं तेच मागवत नाहीत. तापीवर हतनूर, वाघूरवर वाघूर धरण, शिवाय गिरणा, नंदुरबारकडे उकाई धरणाचा फुगवटा. या पाण्यांतून रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाडा आणि चिलापी (तिलापिया) येतात. सकाळी जाळ्यातून निघालेला मासा दुपारी पातेल्यात, हे सुरमईच्या नशिबी इथे कधीच नाही.

मरळ तर जिवंतच येते. ती हवेतलं श्वसन करू शकते, म्हणून ड्रममध्ये वीतभर पाण्यात तासन्तास राहते. मागच्या दाराशी ड्रम दिसला तर डोकावून बघायला हरकत नाही. मांस घट्ट, काटे कमी, झणझणीत रश्शाला एकदम योग्य. वाम सापासारखी दिसते म्हणून काही जण तोंड वाकडं करतात, पण तिला मधला काटा सोडला तर त्रास नाही. शिंगाड्याला खवले नसतात आणि बारीक काटेही नसतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा द्यावा. चिलापी स्वस्त, आणि चवीत ते कळतं.

एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापी गढूळ होते आणि जाळी टाकता येत नाहीत. त्या दिवसांत 'नदीचा ताजा' कुठून आला, हे विचारायला हवं. आणि 'मांगूर' म्हणून थाई मांगूर देत असतील तर हात लावू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

धरणाच्या माशाला मातकट वास का येतो?

पाण्यातल्या शेवाळात आणि गाळातल्या सूक्ष्मजीवांत जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं. पहिल्या पावसाने मातीला येतो तो वासही त्याचाच. अंगणात छान, ताटात नको. ते कातडी, चरबी आणि कडेच्या गडद मांसात साठतं. आंबटपणाने ते मोडतं. म्हणून जाणता आचारी तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू किंवा चिंचेचा कोळ लावून १५-२० मिनिटं ठेवतो, ते पाणी टाकून देतो आणि मगच मसाला लावतो. ज्या खानावळीत रोहूला वास येतो तिथे ही वीस मिनिटं वाचवलेली असतात. ताटात आल्यावर वास जाणवला तर लिंबू पिळा आणि कातडी बाजूला काढा. पुष्कळ फरक पडतो.

थाळीत काय काय असतं?

एक तळलेली तुकडी, वाटीभर रस्सा (बहुतेक ठिकाणी आत एक तुकडी, काही ठिकाणी नुसताच, आधी विचारा), कुठे सुकं किंवा जवळ्याची चटणी, दोन भाकरी नाहीतर तीन पोळ्या, भात, कांदा-लिंबू, आणि सोलकढी किंवा ताक. भाकरी ज्वारीची असते. कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, मिळत असेल तर तीच घ्या. ती रश्शात विरघळत नाही आणि काळ्या मसाल्याला तोलते. तळलेल्याबरोबर मात्र ज्वारीचीच बरी. रस्सा दुसऱ्यांदा बहुतेक फुकट मिळतो, तुकडी मिळत नाही. दोघं असाल तर एक समुद्राची आणि एक नदीची थाळी घ्या आणि वाटून खा.

काळ्या मसाल्यात सुरमई मागवली तर?

पैसे पाण्यात घालतात तसे रश्शात घातले समजा. खानदेशी काळ्या मसाल्यात खोबरं आणि कांदा थेट जाळावर करपवलेला असतो, वर दगडफूल, लवंग, मिरची. हा मसाला मरळ, वाम आणि शिंगाड्यासाठी. सुरमईची चव सौम्य असते, ती त्यात बुडून जाते. समुद्राच्या माशाला ओल्या नारळाचा, चिंच-आमसुलाचा पातळ रस्सा लागतो. तो खानावळीत होत नसेल तर सुरमई तळलेलीच घ्या.

रस्सा कसा झालाय हे दोन गोष्टींवरून कळतं. पहिली, तुकडी. सकाळीच माशासकट उकळून ठेवलेल्या रश्शात ती बोट लावताच मोडते आणि कडा फाटलेल्या असतात. नीट करणारे रस्सा आधी उकळून घेतात, मागणी आली की वेगळ्या पातेल्यात काढून त्यात तुकड्या सोडतात, सात-आठ मिनिटं ठेवतात आणि पळी न घालता पातेलंच धरून हलवतात. दुसरी, तर्री. वर आलेलं तेल लालभडक असेल आणि खालचा रस्सा फिका, तर रंग घातलाय. खऱ्या काळ्या मसाल्याच्या तेलाचा रंग विटकरी-तपकिरी असतो.

तळलेली तुकडी चांगली कशी ओळखायची?

आवरण जितकं जाड तितका संशय जास्त. बेसनाचा जाड थर शिळा मासा सहज झाकतो. रवा किंवा तांदळाचं पीठ पातळ लावलेलं असावं आणि खालची मसाल्याची रेघ दिसावी. नखाने कड उचला. आवरण पापडासारखं अख्खं सुटून आलं तर मासा ओला असताना घोळवला होता, किंवा तेल तापलं नव्हतं. काट्यापाशी मांस अजून पारदर्शक-गुलाबी असेल तर परत पाठवा, लाजू नका. पोटात मासा कच्चा गेला तर त्रास तुम्हालाच.

सुरमईची तुकडी दीड ते दोन सेंटीमीटर जाड हवी, मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. त्याहून पातळ असेल तर ती वाळते. मागताना 'मधली द्या' असं सांगावं. शेपटीकडची तुकडी लहान आणि कोरडी. भाव मात्र तोच.

रोहूचे काटे कसे काढायचे? दर वेळी भीती वाटते.

तुकडी ताटात ठेवून आधी नीट बघा. घोड्याच्या नालेसारखा आकार असतो: वर जाड पाठ, मध्ये मणक्याचं गोल हाड, खाली दोन पाय सुटल्यासारख्या पोटाच्या दोन भिंती. त्या भिंती म्हणजे पेटी. तिच्यात फक्त बरगड्या असतात, लांब आणि वाकड्या. एका टोकाला धरून ओढल्या की कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने निघतात. पेटी आधी खा, चव आणि चरबी तिथेच आहे.

त्रास पाठीत आहे. तिथल्या मांसात सुटे, टोकाला दोन फाटे फुटलेले काटे असतात, मणक्याला न जोडलेले. म्हणून मणका काढला तरी ते मागे राहतात. पाठीचं मांस कडेच्या रेघेवर मोडा, वरचा आणि खालचा भाग वेगळा करा, आणि अंगठा आणि तर्जनीत चिमटीएवढंच दाबून काटा लागला की ओढून काढा. शेपटीकडे काटे सगळ्यात दाट, म्हणून सवय नसलेल्याने रोहूची शेपटी घेऊच नये. आणि एक पथ्य: मासा भाकरीच्या घासात कालवू नका. भाकरी रश्शाशी, मासा नुसता. काटे अडकतात ते कालवलेल्या घासात.

काटा घशात अडकलाच तर?

खाणं थांबवा आणि जोरात खोका. बरेच काटे तेवढ्याने सुटतात. कोरड्या भाताचा गोळा, भाकरीचा तुकडा किंवा केळं गिळायला सगळं टेबल सांगेल, ऐकू नका. त्याने काटा आणखी रुततो. बोट घालून चाचपडूही नका. टोचणं तासाभरात गेलं नाही, थुंकीत रक्त आलं किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ते दुर्बिणीने बघून काही मिनिटांत काढतात. श्वास अडकला, आवाज निघेना तर गोष्ट वेगळी. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये जोरात पाच थापा द्या, मग पाठीमागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर पाच झटके, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

जेवल्यावर तोंड लाल झालं, अंगाला खाज सुटली. ॲलर्जी?

असू शकते, विशेषतः कोळंबी-खेकड्याची. पण बांगडा, सुरमई किंवा कुपा (ट्यूना) खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा तापला, डोकं दुखलं आणि पुरळ उठलं, तर बहुतेक वेळा दोष माशाच्या साठवणीचा असतो. बर्फ कमी पडला की या माशांत हिस्टामिन तयार होतं. ते तळून किंवा उकळून जात नाही. असा मासा जिभेवर तिखटसर, मिरी चावल्यासारखा लागतो. पहिल्याच घासाला तसं वाटलं तर ताट बाजूला ठेवा. त्रास सुरू झाला तर डॉक्टर गाठा, आणि खानावळीला फोन करून सांगा. त्याच माशाच्या तुकड्या इतरांच्या ताटातही जात असतात.

कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी जवळ्याच्या चटणीबद्दल आणि तळणाच्या तेलाबद्दल आधीच विचारावं. सगळं एकाच कढईत तळलं जातं.

सोलकढी खरी आहे का, आणि माशावर ताक किंवा दूध चालतं का?

कोकम खानदेशात होत नाही. आमसूल कोकणातून येतं, म्हणून काही जण सरबताचं सिरप आणि पाणी मिसळून काम भागवतात. खरी सोलकढी फिकट जांभळट-गुलाबी असते, गोड नसते, लसूण-मिरचीचा झटका असतो, आणि पेला थोडा वेळ ठेवला तर नारळाचं दूध वेगळं व्हायला लागतं. भडक गुलाबी आणि गोड असेल तर ताक मागवा. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होतं ही समजूत घरोघरी आहे. त्याला वैद्यकीय पुरावा नाही, पण आयुर्वेदात हा विरुद्ध आहार सांगितलेला आहे. ज्याला पथ्य पाळायचं त्याने पाळावं, शेजारच्याला अडवू नये.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर?

शेवभाजी किंवा उडदाची डाळ जवळपास सगळीकडे मिळते. विचारायचं ते असं: भांडी आणि पळी वेगळी आहे का, आणि पापड कुठल्या तेलात तळला. पापड बहुतेक माशाच्याच कढईतून निघतो.

लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर काय मागवावं?

मुलांना शिंगाडा, मरळ, किंवा पापलेटचा मधला भाग, तोही काटा तुम्ही काढून. गरोदरपणात मोठे शिकारी मासे, म्हणजे मोठी सुरमई, वरचेवर नको, कारण त्यांच्यात पारा साठतो. रोहू, कटला चांगले. पूर्ण शिजलेलं आणि गरमच.

पाटीवर भाव नाही, नुसतं 'बाजारभावाप्रमाणे'. फसवतात का?

पापलेट आणि कोळंबीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे लिहीत नाहीत, इतपत खरं. पण ऑर्डर देण्याआधी नगाचा भाव विचारा आणि वजन कच्च्याचं की तळलेल्याचं तेही. रोहू किलोभर घेतला तर डोकं, खवले, आतडी, कल्ले जाऊन साडेसहाशे-सातशे ग्रॅम उरतो. अख्ख्या कोळंबीत निम्मं वजन डोकं-सालीतच जातं.

बिलावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असायला हवा. जीएसटी साधारण पाच टक्के. कंपोझिशन योजनेतली (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटीतली) खानावळ गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही. 'सेवा शुल्क' आपोआप लावता येत नाही, जुलै २०२२ पासून तसे निर्देश आहेत. काढून द्यायला सांगा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जुन्या खानावळींत हा प्रश्न क्वचितच येतो. तिथे टिप मात्र वाढप्याच्या हातात द्या, गल्ल्यावर नको.

पार्सल नेता येईल?

हिवाळ्यात खुशाल. एप्रिल-मेमध्ये गाडीत चाळीसच्या वर तापमान असतं, तेव्हा तासाभरात घरी पोचून खाणार असाल तरच. रस्सा आणि तुकड्या वेगळ्या डब्यांत मागा. तळलेला मासा गरम असताना डबा घट्ट लावला तर वाफेने आवरण मऊ पडतं, म्हणून झाकण थोडं उघडं ठेवायला सांगा. घरी तो तव्यावरच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये घर वासाने भरतं.

श्रावणात खानावळ चालू असते?

काही जण महिनाभर बंद ठेवून रंगरंगोटी काढतात. चालू असते तिथे गर्दी तुरळक. कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, रविवारी तर बहुधा शुकशुकाट. आषाढी अमावास्येला, गटारीला, उलट पाय ठेवायला जागा नसते आणि त्या दिवसाचा रस्सा कुणाच्याच नावाला शोभत नाही. गंमत अशी, की समुद्रावरची बंदी ३१ जुलैला उठते, नारळी पौर्णिमेला बोटी जोमाने निघतात, आणि नेमकं तेव्हाच इथे निम्मं गिऱ्हाईक उपासाला असतं. ज्याला वार नाही त्याला ताजा माल कमी भावात मिळण्याचे हेच दिवस. नवरात्रात पुन्हा बंद.

हाताचा वास जात नाही, काय करू?

समुद्राच्या माशाचा वास अमाइन जातीच्या द्रव्यांचा, म्हणजे आम्लारी. तो साबणापेक्षा लिंबाने लवकर जातो. ताटातली पिळलेली फोड टाकू नका. आधी साध्या पाण्याने हात धुवा, मग ती फोड बोटांच्या टोकांवर आणि नखांखाली चोळा, अर्धं मिनिट थांबा आणि मगच साबण लावा.